चष्म्याचा नंबर हातात आहे, मग ब्रिटनमध्ये लेन्सचा कागद वेगळा का घ्यावा लागतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून निघताना डोळे तपासून नंबर आणला होता. लेस्टरला आल्यावर हाय स्ट्रीटवरच्या चष्म्याच्या दुकानात पुन्हा तपासणी केली, हातात कागदही मिळाला. त्या कागदावरून ऑनलाइन कॉन्टॅक्ट लेन्स मागवायला बसलं, तर ‘बेस कर्व्ह’ आणि ‘डायमीटर’ विचारतात आणि कागदावर ते नाहीत. दुकानात विचारलं तर ‘आधी फिटिंग करा’ म्हणतात, त्याचे पैसे वेगळे. दुकानदार फसवतोय का? आणि लेन्सचं प्रिस्क्रिप्शन मागायचा हक्क आपल्याला आहे की नाही?

फसवत नाही. हक्क आहे, पण तो फिटिंग पूर्ण झाल्यावर लागू होतो.

ब्रिटनमध्ये हे दोन वेगळे कागद आहेत आणि सगळा घोटाळा दोन्हींना ‘प्रिस्क्रिप्शन’ म्हटल्यामुळे होतो. पहिला कागद डोळे तपासणीचा. तपासणी संपल्यावर लगेच तो लेखी देणं दुकानावर बंधनकारक आहे, तुम्ही तिथून चष्मा घ्या अथवा घेऊ नका. दुसऱ्याचं नाव ‘कॉन्टॅक्ट लेन्स स्पेसिफिकेशन’. दुकानात हाच शब्द वापरा. नुसतं ‘प्रिस्क्रिप्शन’ मागितलं की काउंटरवरची व्यक्ती चष्म्याचा कागद पुन्हा छापून देते. हा दुसरा कागद म्हणजे निव्वळ नंबर नाही. अमुक कंपनीची अमुक लेन्स तुमच्या डोळ्यावर ठेवली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, काही दिवस वापरून झाल्यावर पुन्हा पाहिली आणि ती योग्य ठरली, अशी ती सहीनिशी नोंद आहे. लेन्स डोळ्यावर ठेवल्याशिवाय ती कोणी प्रामाणिकपणे लिहूच शकत नाही.

चष्म्याचा नंबर तसाच का चालत नाही, हे एका उदाहरणावरून कळेल. समजा, उजव्या डोळ्याचा चष्म्याचा नंबर −६.०० आहे, सोबत सिलिंडर (बुबुळ एका दिशेला जास्त वाकलेलं असल्याचा नंबर) −१.२५, अक्ष (त्याची दिशा, अंशांत) १७५. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते, लेन्स थेट बुबुळावर बसते. त्या अंतरामुळे −६.०० चा हिशोब −५.६० होतो, म्हणून लेन्स −५.५० ची निघते. सिलिंडरच्या दिशेला चष्म्यात एकूण −७.२५ आहे, तो डोळ्यावर साधारण −६.६७ होतो. म्हणजे सिलिंडरही −१.२५ वरून जेमतेम −१.०७ वर आला. मऊ टॉरिक, म्हणजे सिलिंडर असलेल्या लेन्समध्ये तो बहुधा −०.७५, −१.२५, −१.७५, −२.२५ एवढ्याच टप्प्यांत मिळतो आणि अक्ष दहा-दहा अंशांनी. मग −०.७५ घ्यायचा की −१.२५, अक्ष १७० की १८०, हे गणित सांगत नाही. लेन्स डोळ्यावर असताना तिच्यावरून पुन्हा नंबर तपासून ते ठरतं. साधारण ४ नंबरपर्यंत हा फरक पाव नंबराच्या आत राहतो. त्याच्यापुढे तो वाढतच जातो: −८.०० च्या चष्म्याची लेन्स −७.२५ च्या आसपास येते, −१०.०० ची −९.०० च्या आसपास. अधिक चिन्हाच्या (+) नंबरात उलट, लेन्सचा नंबर वाढतो, +५.०० चा +५.२५ होतो.

भारतातून आणलेल्या कागदावर कधी कधी सिलिंडर अधिक चिन्हाने लिहिलेला असतो. −२.०० / +१.०० × ९० आणि −१.०० / −१.०० × १८० हे दोन्ही एकच नंबर आहेत, लिहिण्याची पद्धत फक्त वेगळी. लेन्सच्या दुनियेत सिलिंडर नेहमी वजा चिन्हाने लिहितात. हे न ओळखता आकडे ऑनलाइन फॉर्ममध्ये जसेच्या तसे भरले, की आलेल्या लेन्समधून धड काहीच दिसत नाही.

आता बेस कर्व्ह आणि डायमीटर. बेस कर्व्ह म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई, मिलिमीटरमध्ये. मऊ लेन्समध्ये ती बहुतेक ८.३ ते ९.० च्या दरम्यान असते. डायमीटर साधारण १३.८ ते १४.५. बुबुळ सगळीकडून झाकलं जाऊन कड थोडी पांढऱ्या भागावर यावी एवढी रुंदी लागते. पुष्कळांना वाटतं, यंत्राने बुबुळाची गोलाई मोजली की त्यातून बेस कर्व्ह निघेल. मऊ लेन्सचं तसं होत नाही. कारखान्यात ती एक-दोन गोलाईंतच बनते. अॅक्युव्ह्यू ओएसिसची रोजची लेन्स ८.५ आणि ९.० अशा दोन गोलाईंत येते, बायोफिनिटीची साधी लेन्स ८.६ या एकाच. डोळ्यावर ती कशी वागते हे जाडी, कड आणि साहित्य यांवरही ठरतं. आठ नंबरची चप्पल एका कंपनीची पायात मऊ बसते आणि दुसऱ्या कंपनीची तीच आठ नंबरची चावते, तसं एका कंपनीची ८.६ म्हणजे दुसरीची ८.६ नव्हे. म्हणूनच कागदावर लेन्सचं नाव असतं आणि ते नाव त्या स्पेसिफिकेशनचाच भाग आहे. ऑनलाइन त्याच आकड्यांची दुसरी, स्वस्त लेन्स उचलली तर तुमच्याकडे तिच्यासाठी कागद नाही, असाच अर्थ होतो.

फिटिंगच्या वेळी नक्की काय पाहतात? लेन्स घालून १०-१५ मिनिटं बसवतात, कारण सुरुवातीला पाणी येतं आणि त्यात ती तरंगते. मग स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) हनुवटी टेकवून तुम्ही वर बघता. तपासणारा तुमची खालची पापणी अंगठ्याने हलकेच वर ढकलतो. लेन्स वर सरकून आपोआप जागेवर यायला हवी. उघडझाप केल्यावर तिने मिलिमीटरच्या अंशाएवढं, दिसेल न दिसेल इतकं हलावं. अजिबात हलत नसेल तर ती घट्ट आहे. घट्ट लेन्स फसवी असते. पहिले दोन तास ती सगळ्यांत आरामदायी वाटते, संध्याकाळी डोळा लाल होतो आणि काढल्यावर पांढऱ्या भागावर तिच्या कडेची गोल खूण उमटलेली दिसते. सैल लेन्सचं दुखणं उलट: पापणी मिटली की क्षणभर धूसर, कड टोचते, वर बघितलं की घसरते. टॉरिक लेन्सवर बारीक खुणा असतात. त्या ठरल्या जागी थांबतात की १० अंश फिरून बसतात, हे पाहून अक्षात तेवढी दुरुस्ती करतात. शेवटी लेन्स काढून फ्लुओरेसिनचा पिवळा रंग डोळ्यात टाकतात आणि निळ्या प्रकाशात बुबुळावर ओरखडे किंवा कोरडे ठिपके आहेत का ते बघतात. वरची पापणीही उलटून पाहायला हवी. ॲलर्जी असणाऱ्यांच्या पापणीच्या आत बारीक पुरळ असतं आणि अशांना महिनाभराची एकच लेन्स बहुधा सोसत नाही, रोज टाकून द्यायची घ्यावी लागते. एवढं सगळं झालं असेल तर फिटिंगचे पैसे सार्थकी लागले असं समजा.

कायद्याचा भाग लवकर आटोपतो. ऑप्टिशियन्स ॲक्ट १९८९ नुसार लेन्स बसवून देणारा माणूस जनरल ऑप्टिकल कौन्सिलकडे (या व्यवसायाची नियामक संस्था) नोंदलेला हवा, किंवा डॉक्टर. दुकानात हे काम ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारा, करतो किंवा खास पात्रता असलेला कॉन्टॅक्ट लेन्स ऑप्टिशियन. दोघांचाही नोंदणी क्रमांक कौन्सिलच्या संकेतस्थळावर फुकट पडताळता येतो. फिटिंग सुरू करताना तुमचा डोळे तपासणीचा कागद चालू असावा लागतो, म्हणजे त्यावरची पुढच्या तपासणीची तारीख उलटलेली नसावी. ही तपासणी त्याच दुकानात झालेली असावी असं बंधन नाही. दुसरीकडचा चालू कागद दाखवून फिटिंग करून घेता येतं, मात्र काही दुकानं स्वतःची तपासणी करण्याचा आग्रह धरतात, म्हणून फोनवरच विचारून घ्या. भारतातला चष्म्याचा कागद इथे या कामासाठी चालत नाही, तरीही सोबत न्या. नंबर किती वर्षांत किती वाढला हे त्यावरून दिसतं. भारतात लेन्स वापरत असाल तर खोका किंवा सीलबंद पाकिटावरचं फॉइल जपून आणा. त्यावर बीसी (बेस कर्व्ह), डीआयए (डायमीटर) आणि नंबर छापलेले असतात आणि तपासणाऱ्याला पहिली लेन्स निवडायला त्याचा थेट उपयोग होतो.

भेट ठरवतानाच पैशांचे तीन प्रश्न विचारा: डोळे तपासणीचे किती, फिटिंगचे किती, आणि फिटिंगमध्ये चाचणीच्या लेन्स, घालायला शिकवणं आणि फेरतपासणी धरली आहे का. चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: ‘फिटिंग झाल्यावर लेन्स तुमच्याकडून घेतल्या नाहीत तरी स्पेसिफिकेशन द्याल ना?’ उत्तर ‘हो’च असायला हवं, पण आधी विचारलेलं असलं की नंतर कटकट होत नाही. ‘फिटिंग फुकट’ अशी पाटी दिसली तर त्यामागे बहुधा महिन्याच्या डायरेक्ट डेबिटची योजना असते. ती वाईटच असते असं नाही, नियमित तपासणी त्यात येते. फक्त बंद करायची असेल तर किती दिवस आधी कळवायचं, ते सही करण्यापूर्वी वाचा. स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर डोळे तपासणी एनएचएसवर (सरकारी आरोग्यसेवा) सगळ्यांना मोफत आहे. इंग्लंडमध्ये ती १६ वर्षांखालची मुलं, पूर्णवेळ शिकणारी १८ वर्षांपर्यंतची मुलं, ६० वर्षांवरचे, मधुमेही, काचबिंदू असलेले आणि आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असलेले ४० वर्षांवरचे अशांना मोफत मिळते. मधुमेह आपल्या घरोघरी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. बाहेर देशातून शिकायला आलेल्या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याला मात्र इंग्लंडमध्ये सहसा पैसे भरावे लागतात. लेन्सचं फिटिंग या मोफत तपासणीत कुठेच येत नाही.

पहिल्यांदाच लेन्स घालणार असाल तर शिकायला अर्धा ते एक तास हाताशी ठेवा. लेन्स स्वतःच्या हाताने काढता आल्याशिवाय दुकान ती घरी नेऊ देत नाही आणि ते बरोबरच आहे. नखं कापून जा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, ओल्या बोटाला लेन्स चिकटून बसते आणि डोळ्यात उतरत नाही. ती उलटी आहे का, हे बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने बघा. वाटीसारखी दिसली तर सुलट, बशीसारखी कड बाहेर पसरली तर उलट. काढताना ती आधी खाली पांढऱ्या भागावर सरकवा आणि तिथेच चिमटीत धरा, बुबुळावर चिमटा घेऊ नका.

मग काही दिवसांची चाचणी. इथे बरेच जण एक चूक करतात: फेरतपासणीला लेन्स न घालता किंवा दारात उभं राहून घालून जातात. तीन-चार तास आधी घातलेली लेन्सच खरं काय ते दाखवते, कारण कोरडेपणा आणि घट्टपणा तासाभरात कळत नाही. चष्मा सोबत असू द्या, परतताना लागू शकतो. काय त्रास होतो ते नेमकं सांगा. ‘संध्याकाळी सहानंतर स्क्रीनवर धूसर होतं, डोळे मिटून उघडले की साफ होतं’ यातून कोरडेपणा कळतो. ‘पाटी एका बाजूने सावली पडल्यासारखी दिसते’ यातून सिलिंडरचा अक्ष चुकल्याचं कळतं. नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हटलं तर तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. चाळिशी लागलेल्यांच्या मल्टिफोकल लेन्सला दोन-तीन फेऱ्या धरूनच चाला. दूरचं आणि जवळचं यात मेंदूला जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि पहिल्या जोडीवरच जमलं असं क्वचित होतं.

चाचणी समाधानकारक झाली की फिटिंग पूर्ण. आता कागद मागा आणि काउंटर सोडण्यापूर्वी तो वाचा. त्यावर तुमचं नाव-पत्ता, फिटिंग करणाऱ्याचं नाव, सही आणि नोंदणी क्रमांक, दुकानाचं नाव-पत्ता, फिटिंग संपल्याची तारीख आणि कागदाची मुदत हवी. प्रत्येक डोळ्यासाठी लेन्सचं पूर्ण नाव, बेस कर्व्ह, डायमीटर, नंबर, गरजेनुसार सिलिंडर, अक्ष किंवा ॲड (जवळचं वाचण्यासाठीचा जादा नंबर). कायद्याची अट अशी आहे की तेवढ्या माहितीवरून दुसऱ्याला तीच लेन्स देता आली पाहिजे. घोळ होतो तो दुकानाच्या स्वतःच्या नावाने विकल्या जाणाऱ्या लेन्समध्ये. स्पेकसेव्हर्सची ईझीव्हिजन, व्हिजन एक्सप्रेसची आयवेअर ही अशी नावं आहेत; लेन्स मोठ्या कंपन्याच बनवून देतात, खोका वेगळा असतो. कागदावर नुसतं दुकानाचं नाव असेल तर तिथेच विचारा: ‘ही मूळ कोणत्या कंपनीची, कोणत्या नावाची?’ उत्तर कागदावर लिहून घ्या. पुढे भारतात तीच लेन्स शोधायची असेल तर या एका ओळीवर सगळं अवलंबून आहे. वजा-अधिक चिन्हं आणि उजवा-डावा हे दोन्ही चाचणीच्या लेन्सच्या फॉइलशी ताडून बघा, लिहिताना चुका इथेच होतात. दोन बाहुल्यांमधलं अंतर मात्र शोधू नका, लेन्सला ते लागत नाही.

मुदत बहुधा एक वर्षाची असते, डोळ्याची तब्येत पाहून कमी-जास्त. संपली की पुन्हा पूर्ण फिटिंग लागत नाही, लेन्स बदलायची नसेल तर फेरतपासणी पुरते. ब्रिटनमधला विक्रेता कागद किंवा त्याची प्रत मागतो आणि शंका आली तर तुमच्या दुकानाला विचारतो. काहीच न विचारता लेन्स पाठवणारी संकेतस्थळं बहुतेक देशाबाहेरून चालतात. तिथे चुकीची लेन्स आली तर इथला कायदा तुमच्या कामी येत नाही. फॅन्सी ड्रेससाठीच्या, नंबर नसलेल्या रंगीत लेन्सलाही इथे नोंदणीकृत व्यक्तीची देखरेख लागते, कारण डोळ्याला ती लेन्सच असते.

फिटिंग पूर्ण होऊनही कागद देत नसतील तर आधी व्यवस्थापकाला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर ऑप्टिकल कन्झ्युमर कम्प्लेंट्स सर्व्हिसकडे जा, ही मध्यस्थी मोफत आहे. कागद हरवला असेल तर दुकानाकडून तुमच्या नोंदींची प्रत मागता येते. माहिती संरक्षण कायद्याखाली ती सहसा महिनाभरात आणि विनाशुल्क द्यावी लागते.

एका गोष्टीपाशी मुद्दाम थांबतो. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत केरॅटोकोनस, म्हणजे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येणं, गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आढळतं. विशी-बाविशीत सिलिंडर दर वर्षी वाढतोय, नवा चष्मा करूनही अक्षरं दुहेरी दिसतात, डोळे चोळायची सवय आहे, असं असेल तर फिटिंगच्या वेळी स्पष्ट सांगा आणि बुबुळाचा नकाशा काढायला लावा. अशा डोळ्यावर मऊ लेन्स ठेवून नंबर बदलत बसण्यात वर्षं जातात, आणि तो वेळ मोलाचा असतो, कारण वाढ थांबवण्याचे उपचार लवकर केले तर उपयोगी पडतात. हाय स्ट्रीटवरच्या दुकानातून रुग्णालयाकडे पाठवणी होते आणि तिथे कडक लेन्स बसवतात. डोळे चोळणं मात्र आजच बंद करा.

लेन्सला पाणी लावायचं नाही: नळाचं नाही, शॉवरचं नाही, पोहण्याच्या तलावाचं नाही. पाण्यातला अकँथअमीबा हा सूक्ष्म जीव बुबुळात शिरला तर उपचार महिनोन् महिने चालतात. सुट्टीत घरी गेल्यावर हे जास्त जपावं लागतं, तिथे टाकीचं, बोअरचं पाणी असतं आणि बादलीतून तोंडावर पाणी मारायची सवय असते. आधी लेन्स काढा, मग तोंड धुवा. रंगपंचमीला चष्माच घाला. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा दिसणं कमी झालं तर लेन्स काढा, टाकून न देता डबीत ठेवा आणि त्याच दिवशी तपासून घ्या. इथे असाल तर दुकानाला फोन करा, ते बंद असेल तर १११ या एनएचएसच्या क्रमांकावर. तपासणारा डॉक्टर ती लेन्स आणि डबी मागू शकतो.